काटा नव्वदवर थांबला

आधी हे लिहून टाकते, नाहीतर नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, हे मला तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी कळलं. आणि मी तुमच्याशी जे केलं, ते तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीणबाई, शाळेत बी असंच शिकवतं का तू? आधी उत्तर आन मंग गणित?" हो, आज असंच. गणित मागून येऊ द्या.

घर आता रिकामं झालंय. कुंदा शनिवारी अकोल्याला परत गेली. जाताना पोरीनं नको ते बोलून ठेवलं. अंगणात उभी राहून म्हणाली, "आई, थो ड्रम भंगारात देऊन टाक. तुले पाहू पाहू त्रास होते." मी तिच्यावर अशी खेकसले की शेजारची सरूबाई भिंतीवरून डोकावली. मग कुंदाला जवळ घेऊन रडले. बाप गेलेल्या पोरीवर ओरडणारी आई मी. तुम्ही चिडकी म्हणायचात ते काही खोटं नव्हतं.

तो ड्रम आला त्या दिवशीही मी ओरडलेच होते. बहात्तरचा दुष्काळ. कापूस नव्हता, तुम्ही फिटर होतात ते वाशीमचं जिनिंग बंद पडलेलं, आणि तिथल्या खोलीत एकटं बसून काय करायचं म्हणून तुम्ही महिनाभर अनसिंगला घरी होतात. एके दिवशी बैलगाडीवर तेलाचा रिकामा ड्रम घेऊन आलात. खाली जाळासाठी डबा, मध्ये जाळी, वर मांस टांगायला सळया, एका बाजूला धुराडं. गावात बातमी पसरली की मास्तरीणबाईच्या नवऱ्यानं दारूची भट्टी लावली. पोलीस पाटील खाकरत आले, ड्रमच्या तोंडाशी नाक नेऊन दोनदा हुंगलं आणि निराश होऊन गेले. तुम्ही त्यांना जाता जाता म्हणालात, "पाटील, रविवारी या, प्यायले नाई, खायले."

तुम्हाला त्या ड्रममधून काय हवं होतं ते मला माहीत होतं. तुमच्या आईच्या हातची चव. गावात ढोर मेलं की आपल्या लोकांना ते ओढावं लागायचं, आणि मग त्याचं मांस कापून, वाळवून, चान्या करून वर्षभर पुरवायच्या. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि सासूबाईंनी चान्यांचं मडकं स्वतःच्या हातानं गावाबाहेर नेऊन पुरलं. त्यानंतर त्यांनी कधी नावही काढलं नाही. पण त्याआधी पावसाळ्यात ऊन नसलं की त्या चुलीवरच्या दोरीला पट्ट्या टांगायच्या आणि धुराची एक चव लागायची, ती मात्र तुमच्या जिभेवर राहिली होती. मी म्हणाले, "सोडलं ते सोडलं, पुन्हा कायले उकरता?" तुम्ही म्हणालात, "ढोर सोडलं. धूर थोडीच सोडला? माह्या मजुरीचं बकऱ्याचं मटन हाय, खाटकाकडून आणलेलं. लाज कायची?" त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तुम्ही हसत होतात, म्हणून दिलं नाही. ते भांडण अजून बाकी आहे. मला अजूनही वाटतं की माणसानं काही चवी विसराव्यात. आणि तुमच्या ड्रममधली पट्टी तोंडात टाकली की मी दुसरी घ्यायची. दोन्ही गोष्टी खऱ्या.

पुढच्या हंगामात जिनिंग सुरू झालं आणि तुम्ही परत वाशीमला गेलात. शनिवारी संध्याकाळच्या एस. टी. नं यायचं, सोमवारी सकाळच्या गाडीनं जायचं. मधला एक रविवार आपला. सकाळी तुम्ही खाटकाकडे जायचात, मी मीठ, हळद, तिखट लावून ठेवायची, आणि बारा वाजता ड्रम पेटायचा. ट्रकच्या इंजिनाचं, पाणी किती तापलं ते दाखवणारं मीटर तुम्ही भंगारातून आणून ड्रमच्या पोटात बसवलं होतं. काटा नव्वदवर राहिला पाहिजे. वर गेला तर मांस भाजतं, रस गळून जातो. खाली आला तर नुसतं काळं पडतं आणि वास धरतं. चार तास त्या काट्याकडे बघायचं. वर चढला की जाळावर राख टाकायची, उतरला की बाभळीचा तुकडा सारायचा. दोन माणसांशिवाय ते काम होत नसे, असं आपण सगळ्यांना सांगायचो.

खरं सांगू? एका माणसाचं काम होतं ते. पण आपल्या गल्लीत भर दुपारी नवरा-बायको अंगणात शेजारी शेजारी बसून गप्पा मारताहेत, हे कोणाला खपलं असतं? लग्नाला वीस वर्षं होत आली, पोरगी नांदायला गेली, तरी घरात आलेल्या माणसासमोर मी तुमच्याशी थेट बोलत नव्हते. ड्रम आला आणि आपल्याला कारण मिळालं. कोणी विचारलं तर, भट्टी राखतोय. त्या चार तासांत आपण जेवढं बोललो तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. माझ्या हेडमास्तरांच्या नकला, तुमच्या जिनिंगमधल्या माणसांच्या गोष्टी. मीठ किती, बाभूळ बरी की बोर, कुंदाचं लग्न घाईनं केलं की नाही. बहुतेक वेळ भांडणच. मी आठवडाभर भांडणं साठवून ठेवायची. बुधवारी काही सुचलं की मनात म्हणायची, हे रविवारी.

आणि मग तुमच्या डोक्यात ते मशीन शिरलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, दसरा झाल्यावर, एका रविवारी तुम्ही गप्प गप्प होतात. मी विचारलं तर म्हणालात, "जिनिंगचं इंजिन पाह्यलं का तू? लोड पडला की आपोआप तेल जास्त घेते, लोड उतरला की कमी करते. कोणी बसते का त्याच्यापाशी? मंग हा ड्रम आपलं आपण काहून पाहू शकत नाई?"

"इंजिनाले मटन करा लागत नाई," मी म्हणाले.

तुम्ही हसलात आणि खोकलात. त्या खोकल्याकडे मी लक्ष दिलं नाही. जिनिंगमधली सगळीच माणसं खोकतात, हवेत रुई असते, हे मला इतकं सवयीचं झालं होतं की मी ते ऐकणंच सोडलं होतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही आपोआप बंद होणाऱ्या इस्त्रीच्या आतला भाग घेऊन आलात. वाशीमच्या शेठजींच्या दुकानातून. ती गोष्ट तुम्ही किती रंगवून सांगितलीत. शेठजी जैन, कांदासुद्धा न खाणारा माणूस. त्यांनी विचारलं, "कायले पायजे हे?" तुम्ही म्हणालात, भट्टीला. "कायची भट्टी?" तुम्ही तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "राहू द्या भाऊ, सांगू नका. मी इस्त्रीचा सामान देऊन राह्यलो, इस्त्रीसाठीच देऊन राह्यलो." आणि तरी त्यांनीच तुम्हाला समजावलं की ती पात दोन धातूंची असते, गरम झाली की वाकते आणि वीज तोडते, गार झाली की सरळ होते आणि वीज जोडते.

ती पात तुम्ही पत्र्याच्या डबीत घालून ड्रमच्या आत बसवलीत. तिच्यातून वायर काढून जुन्या टेबलफॅनला जोडलीत आणि फॅनचं तोंड जाळाकडे केलंत. ड्रम गार झाला की फॅन सुरू, जाळ फुलणार. तापला की फॅन बंद, जाळ बसणार. पात किती तापल्यावर वाकावी ते ठरवायला एक छोटा स्क्रू, त्याचं डोकं बाहेर. तुम्ही तासभर बसून तो लावलात आणि नव्वदच्या जागी पत्र्यावर खिळ्यानं एक रेघ ओढलीत. पहिल्याच रविवारी फॅन आपोआप बंद झाला, आपोआप सुरू झाला. तुम्ही लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होतात. म्हणालात, "आता आपल्याले इथं बसायची गरज नाई."

मी विचारलं, "मंग तुमी काय करसान?"

"विहाराचं बांधकाम सुरू हाय ना. रविवारी माणसं पायजेत म्हणतात. जात जाईन."

झालं. मला वाटलं, माणसाला माझ्यापासून सुटायचं होतं आणि त्यासाठी त्यानं इस्त्री फोडली. विहाराला नाही कशी म्हणणार? देवळात जातो म्हणाला असतात तर भांडता तरी आलं असतं. मी नुसती "बरं" म्हणाले. माझं "बरं" तुम्हाला कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही खाटकाकडे गेलात आणि मी भाजी चिरायच्या चाकूचं टोक त्या स्क्रूच्या खाचेत घातलं आणि फिरवलं. फार नाही, केसभर. दुपारी काटा नव्वदवर थांबलाच नाही. शंभर, एकशे दहा, एकशे वीस. फॅन सुरूच. तुम्ही धावत आलात, वायर काढली, झाकण उचललं, धुराचा लोट तुमच्या तोंडावर. राख टाकलीत, खोकलात, पुन्हा झाकण लावलंत. आणि मग माझ्या शेजारी बसलात. चार तास. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मनात खूश झाले.

त्यानंतर दर रविवारी. दिवाळीपासून होळीपर्यंत, ड्रम पेटलाच नाही ते तीन रविवार सोडले तर दर रविवारी, मी तो स्क्रू फिरवला. तुम्हाला स्क्रू हललेला दिसायचा, पण तुम्हाला वाटायचं तो तापून ढिला होतो. तुम्ही वायसर घातलं. मग स्प्रिंग घातली. मग पात बदललीत. शेठजींकडून दुसरी आणलीत, तिसरी आणलीत. एका वहीत दर अर्ध्या तासाला काटा कुठे होता ते लिहायला लागलात, आणि मी, शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारी बाई, त्या वहीला कव्हर घालून दिलं. तुम्ही म्हणायचात, "असं कसं होऊन राह्यलं, समजत नाई." मी म्हणायची, "जाऊ द्या ना. आपण हावो ना पाहायले." विहारातून बोलावणं आलं की तुम्ही सांगायचात, मशीन लागली की येतो. आणि मला दर वेळी एक रविवार जिंकल्यासारखं वाटायचं.

थंडी संपता संपता तुमची छाती वाजायला लागली. मी ज्येष्ठमध दिला, अडुळसा दिला. "डॉक्टरले दाखवलं का?" विचारलं तर म्हणालात, "दाखवलं. रुईचं हाय म्हणे. गोळ्या देल्या." मी मानलं. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या माणसाची तब्येत मला त्या एका दिवसापुरतीच दिसत होती, आणि तो दिवस मी तुम्हाला धुरात बसवत होते.

होळीनंतरच्या गुरुवारी शाळेत निरोप आला. मी वाशीमला पोचेपर्यंत दुपार झाली होती. खाटेवर तुम्ही झोपल्यासारखे होतात. तुमच्या खिशात एक कागद होता, त्यावर पेन्सिलीनं ड्रमचं चित्र आणि बाजूला "चवथी पात?" असं लिहिलेलं. मी तो कागद कोणाला दाखवला नाही.

अकराव्या दिवशी शेठजी आले. वाशीमहून एस. टी. नं, या वयात. आत आले नाहीत, दाराशी उभे राहिले, टोपी हातात. ड्रम त्यांच्या समोरच होता, पण त्यांनी तिकडे बघितलं नाही, बिचारे. मग हळूच म्हणाले, "बाई, थे इस्त्री लागली का शेवटी?"

मी म्हणाले, "नाई."

"फार जीव लावला होता त्यानं. डॉक्टरनं दसऱ्यालेच सांगतलं होतं त्याले, धूर बिलकुल बंद. मी म्हटलं, भाऊ, सोडून दे थे भट्टी. तर मले म्हणे, शेठजी, बाई हप्त्यातून एकच दिवस माह्याशी बोलते. भट्टी बंद केली तर थो दिवस बी गेला. मशीन लागली की आमी दोघं लिंबाखाली बसू, धुरापासून दूर. घरी सांगू नका म्हणे, तिले समजलं तर थे ड्रमच फोडून टाकन."

"आन विहार?" मी विचारलं. "विहाराच्या कामाले जायचं होतं ना त्यायले?"

शेठजींना काही कळलं नाही. "विहाराचं मले काई नाई बोलला," ते म्हणाले. "लिंबाखालीच बसू म्हणे. बाज बी विणून घेतली म्हणे."

ती बाज. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत विणलेली. मी समजले होते, विहाराला द्यायला विणली. मी तुम्हाला म्हणाले होते, "द्यायचीच तर चांगली सुंभाची तरी द्या." तुम्ही काहीच बोलला नव्हतात.

का नाही बोललात? बायकोसोबत नुसतं बसायचंय म्हणायची लाज वाटली, म्हणून विहाराचं नाव पुढे केलंत? मी ड्रम फोडला असता, हे तुमचं अगदी बरोबर. फोडलाच असता. मग रविवारी काय केलं असतं? कोण जाणे. कदाचित आपण लाज सोडून नुसते बसलो असतो. गल्ली हसली असती, आठ दिवसांत थकली असती. एवढी साधी गोष्ट दोन शहाण्या माणसांना सुचली नाही. आपण दोघं घाबरलो. तुम्ही मशीन करत बसलात आणि मी ती मोडत बसले.

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. सरळ विचारलं, धुरानं गेले का? ते भले माणूस आहेत, नजर चुकवून म्हणाले, "छातीत रुई वर्षानुवर्षांची होती, बाई. धूर नसता तर किती दिवस जास्त मिळाले असते, हे कोणी सांगू शकत नाई." दिवस म्हणाले. त्यांना वाटलं त्यांनी मला धीर दिला. मी एस. टी. त बसून त्या दिवसांत किती रविवार आले असते तेच मोजत होते.

शेठजी आणि डॉक्टर, दोघांनाही मी चाकूचं सांगितलं नाही. कुंदालाही नाही. ती मला माफ करेल, आणि तिनं माफ केलेलं मला सोसणार नाही.

परवा रविवार होता. मी मटण आणलं नाही. बारा वाजता रिकामाच ड्रम पेटवला. स्क्रू तुमच्या रेघेवर आणला, डोळे फाडून बघत, इकडे नाही, तिकडे नाही, अगदी रेघेवर. मग बाज अंगणाच्या त्या टोकाच्या कडुलिंबाखाली ओढली आणि बसले. काटा चढत गेला. नव्वदवर आला आणि फॅन बंद झाला. थोडा उतरला, फॅन सुरू झाला. पुन्हा नव्वद. सरूबाई भिंतीवरून म्हणाली, "एकटीच काय करून राह्यली व?" मी म्हणाले, "भट्टी राखून राह्यली." पण राखायला काही नव्हतंच. एक वाजला, दोन वाजले, तीन, चार. मला एकदाही उठावं लागलं नाही. इतका लांब वेळ मी आयुष्यात काढला नव्हता. बुधवारपासून साठवलेलं भांडण तोंडाशी आलं आणि शेजारी बाज रिकामी.

तुम्ही कधी माझ्यावर आवाज चढवला नाहीत. लोक म्हणतात, भाग्यवान होतीस. मला ते भाग्य आज नको आहे. माफीही नको. जिनिंगमधल्या फिटरच्या तोंडात जेवढ्या शिव्या असतात तेवढ्या सगळ्या मला द्या. मशीन पहिल्या दिवसापासून बरोबर होती हो. पहिली पातही बरोबर होती. तुम्ही पाच महिने ज्याचा शोध घेत होतात तो बिघाड तुमच्या शेजारी बसून तुम्हाला पाणी देत होता. आता कळलं ना? मग रागवा. एकदा तरी रागवा माझ्यावर.